टाकीवरचा उंदीर

१

शिंपी रविवारी मेला आणि मंगळवारी सकाळी मला उंदीर दाखवण्यात आला.

सबंध उंदीर नाही, त्याचे दात. टेकडीवर पाण्याची टाकी आहे आणि टाकीखाली एक खोली. त्या खोलीत आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचा रिपीटर असतो. हातातल्या सेटचा आवाज फार लांब पोचत नाही. रिपीटर उंचावर बसून तो झेलतो आणि जोर लावून सगळ्यांकडे फेकतो. त्याच्या पाठीमागून जी जाड केबल वर अँटेनाला जाते, तिच्यावर डॉक्टरांनी बॅटरीचा झोत धरला होता.

"बघा, डागकाका. एका उंदरानं आपला माणूस खाल्ला."

वाक्य घरून घोळवून आणलेलं होतं. डॉक्टर दातांचे, आणि मंडळाचे अध्यक्ष. नाकाला रुमाल लावून उभे होते. त्यात त्यांची चूक नव्हती. खोलीत मुताचा वास कोंडलेला होता, भिंतीच्या कडेने लेंड्यांची काळी रांग पसरली होती आणि कोपऱ्यात काहीतरी मरून सुकलं होतं. मला लोक डागकाका म्हणतात, कारण जन्मभर तारांना डाग देत आलो.

झालं होतं ते असं. रविवारी सायकलींची शर्यत होती. डोंगरातल्या रस्त्यावर मोबाईल चालत नाही, म्हणून मंडळाची माणसं सेट घेऊन वळणावळणावर उभी होती. शेवटच्या, घळीवरच्या वळणावर शिंपी एकटा होता. साडेनऊच्या सुमारास कठडा ढासळला आणि तो खाली गेला. मांडी मोडली. दुपारी चारला, शर्यतीचं सामान गोळा करणाऱ्यांना, सापडला. इस्पितळात म्हणाले, दोनपर्यंत तरी जिवंत असावा.

"केबल कुरतडलेली," डॉक्टर म्हणाले. "जवळचे कसेबसे ऐकू आले, लांबचा शिंपी आलाच नाही. दार उघडं कोणी टाकलं? टाकीवाल्यानं. तुम्ही केबल बदला आणि अहवालात एवढंच लिहा. रविवारी पाणी खात्याचे साहेब येणार आहेत. तुमच्या सहीवर कोणी बोट ठेवत नाही."

ते खाली उतरून गेले. बाहेर टाकीवाला उकिडवा बसला होता. तो पाणी खात्याचा राखणदार, आणि शिंप्याचा मेहुणा, त्याच्या बायकोचा थोरला भाऊ.

"डागकाका, मी दार लावतो हो. रोज लावतो. उंदीर मोरीतून येतात."

"मग घाबरतोस कशाला?"

"साहेब मला काढतील, ते काढोत. बहीण दार उघडत नाही. काल अर्धा दिवस तिच्या पायरीवर बसून आलो. आतून म्हणाली, 'माझा नवरा तुझ्या आळसानं मेला. तोंड दाखवू नकोस.'"

मी आत जाऊन गुडघ्यावर बसलो. केबलवरचे दात खरेच उंदराचे होते, जोडी-जोडीने उठलेले. पण उंदीर केबल खात नाही, कुरतडतो. प्लॅस्टिकचा चुरा खाली पडतो. त्या फरशीवर जगातली सगळी घाण होती, वर्षभरात झाडू लागलेला नव्हता, आणि चुऱ्याचा एक कण नव्हता.

मी केबलचं टोक सोडवलं, त्यावरचं टोपण मागे सारलं. आत डागाखाली मेणाच्या दोऱ्याचे तीन वेढे होते. असे वेढे या गावात एकच माणूस घालतो.

तो डाग माझा होता. आणि या खोलीत ती केबल मी कधीच लावली नव्हती.

२

मग आठवलं. मागच्या वर्षी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या छपरावरून मीच ती उतरवली होती, उंदरांनी कुरतडली म्हणूनच. वेटोळं करून दवाखान्याच्या माळ्यावर टाकली होती.

"सोमवारी वर कोण आलं होतं?" मी टाकीवाल्याला विचारलं.

"डॉक्टर आणि भाचा. दोघं सकाळीच आले. मला म्हणाले, जा, खालून बिस्किटं आण. आलो तर दार ओढून निघालेच होते. भाच्याच्या खांद्यावर केबलचं वेटोळं होतं."

भाचा म्हणजे डॉक्टरांचा भाचा. चाळिशीचा बाप्या, पण गाव त्याला भाचाच म्हणतं. दवाखान्याखाली त्याचं सेट दुरुस्तीचं दुकान आहे आणि रिपीटरचं आतलं काम तोच बघतो.

म्हणजे सोमवारी, शिंपी मेल्याच्या दुसऱ्या दिवशी, चांगली केबल काढून उंदराची लावली गेली. कशासाठी? चांगली केबल होती तर रिपीटर रविवारी धडधाकट असणार. धडधाकट होता, तर शिंपी ऐकू का आला नाही?

मी पिशवीतून नवी केबल काढली आणि लावली. मीटरचा काटा जिथे हवा तिथे जाऊन उभा राहिला. केबलमधून परत फिरणारी शक्ती जवळजवळ शून्य, म्हणजे केबल ठीक. असं काम झालं की मला एरवी तंबाखूची आठवण होते. त्या दिवशी नाही झाली.

सेटचं बटण दाबून बोललो, "डागकाका टाकीवरून. येतंय का?"

बटण सोडलं. आवाज झेलला की आमचा रिपीटर 'टुक' करतो. टुक झालं नाही.

पुन्हा बोललो. काही नाही. मी मीटरकडे बघतोय तोच रिपीटरचा दिवा लागला आणि माझ्या सेटमधून डॉक्टरांचा आवाज आला, अगदी खणखणीत. "बाई, ऐकलंत का? झकास येतंय. डागकाकांचा हातच वेगळा."

"हो, अगदी स्वच्छ," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळाच्या सचिव. "डागकाका, आहात ना वर? बोला."

मी बटण दाबून बोललो. रिपीटरपासून दोन हातांवर उभा होतो.

"डागकाका?" बाई म्हणाल्या. थोडं थांबल्या. मग हजेरी घेतल्यासारख्या सुरात म्हणाल्या, "डागकाका, उत्तर नाही."

३

रिपीटर आलतूफालतू आवाजाला दार उघडत नाही. प्रत्येक सेट बोलताना बोलण्याखाली एक बारीक घूं सोडतो, माणसाच्या कानाला न लागणारी. तिला टोन म्हणतात. ठरलेला टोन असेल तरच रिपीटर ऐकतो. आमचा टोन नऊ वर्षं एकच होता.

मी माझ्या सेटवर टोन एकेक करून बदलत गेलो आणि दर वेळी बटण दाबलं. अकराव्या टोनला रिपीटर 'टुक' म्हणाला.

पेटीचं झाकण काढलं. आत नखाएवढ्या आठ खिट्यांची ओळ असते, टोन तिथे ठरतो. आठही खिट्यांवर नऊ वर्षांची धूळ बसायला हवी होती. सहांवर होती. दोन खिट्या लख्ख होत्या.

टोन बदलला होता. मी दोन महिने मुलीकडे होतो, सोमवारी संध्याकाळी परतलो, मला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचा नि बाईंचा सेट चालत होता, म्हणजे त्यांना माहीत होतं.

आणि जुन्या टोनच्या सेटला बोलता येत नसलं, तरी ऐकू सगळं येतं. हे मी आत्ताच अनुभवलं होतं.

घळीत पडलेल्या माणसाचा विचार मनात आला आणि मी पिशवी आवरून थेट त्याच्या घराकडे निघालो.

४

शिंप्याच्या घरी पुढच्या खोलीतच दुकान. मशिनवर अर्धा शिवलेला शर्ट तसाच होता. शिंप्याच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, मला पाटावर बसवलं आणि दार पुन्हा आतून लावलं.

"माझ्या भावानं पाठवलं असेल तर जा, डागकाका."

"माझा मी आलोय. सेट कुठे आहे?"

त्यांनी फडक्यात बांधलेला सेट आणला. "हातातच होता. अंगठा बटणावर. सोडवायला दोघं लागले."

मी चालू केला. मुका. मीटर लावला, बॅटरीत काही उरलं नव्हतं.

"शनिवारी चार्जिंगला लावला होता?"

"रोज लावायचे. हिरवा दिवा मी स्वतः बघितला. लोक म्हणतात, सेट बंद करून बसले असतील, झोप लागली असेल. तुम्हीच सांगा."

नुसतं ऐकत राहिलं तर ती बॅटरी दीड दिवस जाते. बोलत राहिलं तर तीन-चार तासांत बसते. मी सांगितलं, "वहिनी, ते झोपले नव्हते. हाका मारत होते. बॅटरी संपेपर्यंत."

त्यांनी सेट पुन्हा फडक्यात गुंडाळला. म्हणाल्या, "गुरुवारपासून सेट बिघडलाय म्हणत होते. त्यांचं तुम्हाला माहितीये, टाका घालता घालता बोलायची सवय. बटण हरवलं त्याची गोष्ट, कॉलर उलटी लागली त्याची गोष्ट. अडखळत बोलायचे, एक वाक्य चार टाके घ्यायचं. गुरुवारपासून कोणी उत्तरच देईना. मग शुक्रवारी सेट भाच्याकडे टाकला."

"तो काय म्हणाला?"

"शनिवारी परत दिला. म्हणाला, मायक्रोफोन बदललाय, आता ठणठणीत आहे, जा उद्या बिनधास्त. दुकानात दुसरा सेट हातात घेऊन याच्याशी बोलूनही दाखवलं म्हणे."

समोरासमोरच्या दोन सेटना रिपीटर लागत नाही, टोनही लागत नाही. हे शिंप्याला सुचलं नसेल. भाच्याला मात्र माहीत होतं.

५

भाचा दुकानात मान खाली घालून स्क्रू पिळत होता.

"टोन कधी बदललास रे?"

स्क्रू हातातून निसटला. "गुरुवारी. बाहेरचा गोंगाट आत येत होता, काका. सगळ्यांना कळवलं होतं."

"मला?"

"तुम्हाला मामा सांगणार होते. राहिलं असेल."

"शिंप्याला?"

"बाई सांगणार होत्या."

"सेट तुझ्या हातात होता दोन दिवस. टोन बदलायला तुला किती वेळ लागतो? नाक शिंकरायला लागतो त्याहून कमी."

"मला वाटलं बाईंनी बदलून दिला असेल. मी मायक्रोफोन बघितला फक्त." मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "झाली चूक. माणसाकडून होत नाही का?"

बाई घरी होत्या. टेबलावर वह्या रचलेल्या, कडा जुळवून. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अहो, भाच्यानं सांगायचं होतं. सेट त्याच्याकडेच होता ना? आम्हाला काय माहीत त्याचं राहून गेलं. फार वाईट झालं. मला दोन रात्री झोप नाही."

"मग उंदराची केबल कशाला?"

"ते डॉक्टरांनी मंडळाची अब्रू जाऊ नये म्हणून केलं असेल. मी त्यात नाही."

दोघांचं म्हणणं खोडता येईना. याने त्याला सांगायचं, त्याने तिला सांगायचं, शेवटी कोणीच सांगितलं नाही. असं होतं. माझ्याच बाबतीत झालं होतं. ज्याला टोन सांगितला नाही त्यालाच दुरुस्तीला वर चढवलं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मग शिंप्याचंही तसंच झालं नसेल कशावरून? चूक असेल तर मी चूक लिहीन. पण चूक होती का?

"बाई, रविवारची नोंदवही बघू?"

त्यांनी अभिमानाने पुढे केली. त्यांची नोंद म्हणजे काचेवर ओढलेली रेघ. प्रत्येक तासाची हजेरी, प्रत्येक वळणाचं उत्तर.

मी बोट ठेवून सावकाश वाचायला लागलो. पहिल्याच ओळीवर बोट थांबलं.

"ही वही मी घेऊन जातो," मी म्हणालो.

"का?" बाईंचा चेहरा उतरला.

"स्वच्छ लिहिलीये म्हणून."

६

पुढच्या रविवारी दहाला दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. पाणी खात्याचे साहेब खुर्चीत, मंडळाची बारा-तेरा माणसं बाकांवर. वहिनी आल्या आणि कोपऱ्यात बसल्या. टाकीवाला दाराबाहेर उभा राहिला. त्याला कोणी आत बोलावलं नाही, बहिणीने मान वर केली नाही.

"वाचा, डागकाका," डॉक्टर म्हणाले. "थोडक्यात."

"थोडक्यातच आहे. उंदीर रिपीटरच्या खोलीत केबल कुरतडून गेला नाही. केबल कुरतडली गेली ती या दवाखान्याच्या छपरावर, मागच्या वर्षी. सोमवारी डॉक्टर आणि भाचा ती घेऊन वर गेले. टोकाला माझा डाग आहे, हा बघा. शर्यतीच्या दिवशी रिपीटर ठणठणीत होता."

"शिंप्याला रिपीटर ऐकत नव्हता, कारण गुरुवारी टोन बदलला आणि त्याला सांगितला नाही."

"ती चूक झाली," डॉक्टर पटकन म्हणाले. "दुर्दैवी चूक. साहेब, केबलचं मी मान्य करतो, घाबरून केलं. पण टोनचा प्रकार निव्वळ गैरसमज. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं सांगितलं."

"असं असतं तर काय झालं असतं ते सांगतो," मी म्हणालो. "सकाळी सात वाजता बाईंनी पहिली हजेरी घेतली. तेव्हा शिंपी कठड्याशी उभा होता, ठीक होता. नऊला दोन सायकलवाल्यांना त्यानं पाणी दिलंय. तरी वहीत सातला लिहिलंय, 'शिंपी, उत्तर नाही.' आठला 'उत्तर नाही.' नऊला 'उत्तर नाही.' सगळ्यात धोक्याच्या वळणावरचा माणूस तीन हजेऱ्यांना उत्तर देत नाही. ज्यांना कारण माहीत नाही ते काय करतील? घाबरतील. विचारतील. गाडी पाठवतील. दहाव्या वळणावरच्याचा सेट पाच मिनिटं बोलला नाही तर बाईंनी मोटरसायकल पाठवली, याच पानावर आहे. शिंप्यासाठी दिवसभरात कोणी पायसुद्धा उचलला नाही. 'उत्तर नाही' याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही, कारण उत्तर येणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि एकदोघांना नाही. ही हजेरी इथले सगळे ऐकत होते."

बाकावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकजण चपलेचा अंगठा कुरवाळू लागला. त्या तेरा खाली घातलेल्या मानांपेक्षा टाकीवरची खोली बरी, असं मला वाटलं. तिथे निदान जे सडलं होतं ते सडल्यासारखं दिसत होतं.

"शिंप्यांना आठवडाभरच बाहेर ठेवणार होतो," बाई एकदम म्हणाल्या. आवाज अजून वर्गातलाच होता. "तुम्ही नव्हता, डागकाका, तुम्हाला कल्पना नाही. एकदा बोलायला लागले की अर्धा तास. अडखळत, तेच तेच. सगळ्यांना वैताग आला होता. तोंडावर कसं सांगायचं? म्हटलं, आपोआप समजतील. शर्यतीला त्यांना न्यायचं नव्हतंच, पण माणूस कमी पडला. वळणावर नुसतं उभं राहायला बोलावं कशाला लागतं, असं भाचा म्हणाला."

"मी? मामा म्हणाले!" भाचा ओरडला.

"तू गप रे!"

आणि मग ते तिघं एकमेकांवर तुटून पडले. कोण म्हणालं होतं, कोण हसलं होतं, कोणी आधी सुचवलं. साहेबांनी टेबलावर थाप मारली तेव्हा थांबले.

"टाकीवाल्याचा काही संबंध?" साहेबांनी मला विचारलं.

"काडीचा नाही. तो दार रोज लावतो."

साहेबांनी फाईलमधून टाकीवाल्याला द्यायची नोटीस काढली, उभी फाडली आणि म्हणाले, "पोलिसांना मी कळवतो. वही माझ्याकडे द्या."

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

त्या उठून माझ्यासमोर आल्या. "त्यांचं यांना ऐकू येत नव्हतं. यांचं त्यांना येत होतं का?"

खोटं बोलावंसं वाटलं. पाच दिवस मी त्याच प्रश्नाला भीत होतो. पण वहिनींच्या वाट्याचं खोटं पुरे झालं होतं.

"येत होतं, वहिनी. सगळं."

त्यांनी वही घेतली आणि बाईंच्या मांडीवर ठेवली. "वाचा."

"हे बघा, आता..."

"त्यांनी ऐकलं तेवढं मला ऐकायचंय. वाचा."

बाईंनी चष्मा लावला. "सात वाजता. शिंपी, उत्तर नाही. आठ वाजता. शिंपी, उत्तर नाही. नऊ..." दहाच्या ओळीला आवाज बारीक झाला. "दहा वाजता. शिंपी, उत्तर नाही. अकरा वाजता. शिंपी, उत्तर नाही. अध्यक्ष म्हणाले, आज..."

"काय म्हणाले?"

"आज चॅनल कसा छान मोकळा वाटतोय."

वहिनींनी वही मिटली, साहेबांना दिली आणि दाराकडे गेल्या. टाकीवाला मागे सरकला, वाट द्यायला.

"दादा," त्या म्हणाल्या, "जेवलास का आज?"

त्याने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"चल घरी."

ते गेल्यावर डॉक्टर माझ्याजवळ आले. रुमालाने मान पुसत, अगदी हळू, म्हणाले, "डागकाका, पोलीस-बिलीस जे व्हायचं ते होईल. पण मंडळ चालू राहायला हवं ना? टोन परत जुना करून द्याल?"

मी आतल्या खोलीत गेलो. त्यांच्या पेशंटच्या खुर्चीशेजारी चूळ भरायचं पांढरं भांडं असतं, त्यात थुंकलो. नळ सोडला नाही. पिशवी उचलून रस्त्यावर आलो.

वहिनी पुढे चालल्या होत्या. टाकीवाला चार पावलं मागे, अजून परका असल्यासारखा. कोपऱ्यावर त्या थांबल्या, वळून न बघता तशाच उभ्या राहिल्या. तो बरोबरीला आला, मग दोघं चालू लागले.